गिलचे एकोणिसावे लेणे

वाकाटकांची एक राजधानी आपल्या नागपूरजवळ, रामटेकच्या पायथ्याशी नगरधनला. दुसऱ्या शाखेची वाशीमला. त्या वाशीमच्या हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याचे १९वे लेणे कोरले गेले. म्हणून मेजर रॉबर्ट गिलने टिपलेले त्याच्या दर्शनी भागाचे छायाचित्र विदर्भातल्या माणसाने आपले मानूनच पाहावे.

नजर आधी जाते ती मधल्या चैत्यकमानीकडे. नालाच्या आकाराची ती भव्य कमान, आणि आत दाट अंधार. दोन्ही बाजूंना यक्ष उभे, खाली दोन खांबांची देवडी, आणि उरलेल्या भिंतीवर बुद्धमूर्तींची दाटी. प्रत्येक कोरीव कडेखाली सावली बसली आहे, आणि त्या सावल्यांमुळेच सपाट कागदावर दगडाची खोली जाणवते. रंग नाही, तरी काही उणे वाटत नाही.

ही करामत निम्मी गिलची, निम्मी त्या काळच्या रसायनांची. तेव्हा रूढ असलेल्या ओल्या कलोडियनच्या रीतीत काचेवर लेप द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घेऊन धुवायची. वाघूर नदीच्या दरीतल्या उन्हात हे करणे म्हणजे काय, याची कल्पनाच करावी. छपाईचा कागदही घरगुती वस्तूचा: अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला. आधीच्या मिठाच्या कागदात प्रतिमा तंतूंत मुरत असे. इथे ती चकचकीत थरातच राहते. शिवाय काच कागदाला भिडवून उन्हात छापायची, त्यामुळे काचेवरचा बारकावा कागदावर शाबूत उतरतो. तो उबदार तपकिरी रंग याच कागदाचा.

हीच रसायने आतल्या भित्तिचित्रांपुढे मात्र हतबल होती. एक तर अंधार. दुसरे म्हणजे कलोडियनला लाल-पिवळे जवळजवळ दिसतच नाही, आणि अजिंठ्याची चित्रे तर गेरूची, पिवळ्या मातीची. म्हणून रंगांसाठी कुंचलाच हवा होता. १८४४मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने गिलला अजिंठ्याला पाठवले ते या चित्रांच्या तैलरंगातल्या प्रतिकृती करायलाच. वर्षानुवर्षे तो त्या लेण्यांत राबला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगलेल्या त्या प्रतिकृती १८६६च्या आगीत बहुतेक जळून गेल्या. पुढे चित्रकार ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतिकृतींपैकीही बऱ्याच १८८५मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. वाचताना जीव हळहळतो.

छायाचित्रे वाचली, कारण ती एकाच भिंतीवर टांगलेली नव्हती. एका काचेच्या अनेक प्रती. १८६४मध्ये ‘द रॉक-कट टेंपल्स ऑफ इंडिया’ हे जेम्स फर्ग्युसनच्या वर्णनांसह निघालेले पुस्तक गिलच्या ७४ छायाचित्रांचे आहे. त्याच वर्षी १०० त्रिमितीदर्शक छायाचित्रांचे दुसरेही निघाले.

गिल १८७९मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. अजिंठ्याला त्याच्या प्रेयसीची, पारोची कबर दाखवतात, दोघांच्या प्रेमाची गोष्ट सांगतात, आणि लोकांना गिल तेवढाच माहीत असतो. माझ्या लेखी छायाचित्रकार गिल चित्रकार गिलपेक्षा मोठा आहे. चित्रकार म्हणून तो दुसऱ्यांची रेघ इमानाने गिरवत होता. या छायाचित्रात दगड, ऊन आणि सावली यांची निवड त्याची स्वतःची आहे. अजिंठ्याला जाल तेव्हा १९व्या लेण्यापुढे उभे राहण्याआधी हे छायाचित्र एकदा नीट पाहून घ्या.