राजकीय मतभेद आणि शेजारधर्म : ‘वावटळ’ व ‘जेव्हा माणूस जागा होतो’ यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

मराठी ग्रामीण साहित्याच्या समीक्षेत जात, जमीन, दुष्काळ, स्थलांतर आणि सत्ताकारण या विषयांची विपुल चर्चा झालेली आहे. त्या मानाने ‘शेजार’ ही संकल्पना उपेक्षित राहिली. शेजार म्हणजे केवळ लागून असलेले घर नव्हे. बांधाला बांध असणे, एका विहिरीवर पाणी भरणे, लावणीला सावडीने जाणे, मयताला खांदा देणे अशा अनेक व्यवहारांनी शेजार सिद्ध होत असतो. या व्यवहारांत राजकीय मतभेदांना स्थान असते काय, आणि असल्यास त्यामुळे शेजारधर्म बाधित होतो काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘राजकारण आले आणि गावाचा एकोपा गेला’ हे विधान ग्रामीण भागात सर्रास ऐकू येते. हे विधान निर्विवाद मानून चालणारे लेखनही मराठीत बरेच आहे. त्याची तपासणी करण्यासाठी येथे दोन कृतींची निवड केली आहे. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘वावटळ’ (१९६४) ही कादंबरी १९४८ मधील जाळपोळीवर आधारित आहे. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे अनुभवकथन १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात झालेल्या वारल्यांच्या उठावाचे आहे. या दुसऱ्या पुस्तकास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. एक कादंबरी आहे आणि दुसरे अनुभवकथन, हा वाङ्मयप्रकारातील भेद लक्षात घेऊनही दोहोंना एकत्र वाचता येते. कारण प्रत्यक्षात तीन वर्षांच्या अंतराने घडलेल्या या घटनांत एकच प्रश्न उभा राहतो : गावात राजकारण शिरते तेव्हा शेजाऱ्याचे काय होते?

‘वावटळ’ : आडनावावरून ठरलेले मत

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी पुण्याचा ब्राह्मण असल्याचे कळताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. माडगूळकर कुटुंबालाही त्याची झळ पोहोचली. ‘वावटळ’मध्ये पुण्याहून आपापल्या गावाकडे निघालेल्या तरुणांचा प्रवास येतो. माणसे गावाच्या दिशेने चालली आहेत आणि बातम्या त्यांच्या पुढे धावत आहेत, ही या कादंबरीची रचना. आपले घर उभे आहे की नाही, या एका शंकेभोवती तिचे सगळे निवेदन फिरते.

माडगूळकरांच्या निवेदनात आक्रस्ताळेपणा नाही. ज्यांनी आग लावली त्यांना लेखक शिव्याशाप देत नाही, ज्यांची घरे जळली त्यांना हुतात्मा करीत नाही. या संयमामुळे कादंबरीला उंची प्राप्त झाली आहे. तथापि, याच संयमाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कथन सर्वस्वी झळ लागलेल्यांच्या बाजूने चालते. काडी लावणाऱ्या हातामागील मनात निवेदक शिरत नाही. जमीन आणि सावकारी यांतून साचत गेलेला रोष, ब्राह्मणेतर चळवळीने जागी केलेली जाणीव आणि संधी साधून केलेली लूट यांची उकल कादंबरीत होत नाही. ‘वावटळ’ हे शीर्षकही या दृष्टीने सूचक आहे. वावटळ कोठून तरी येते आणि निघून जाते, तिचा जाब कोणाला विचारता येत नाही. मात्र वावटळ वर उचलते ती धूळ जमिनीवर आधीपासून पडलेली असते. या धुळीचा शोध घेणे ही वाचकाची आणि समीक्षकाची जबाबदारी ठरते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा असा की, १९४८ मध्ये घडले त्याला ‘राजकीय मतभेद’ म्हणता येईल काय? ज्यांची घरे जळली त्यांना त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. त्यांत गांधीजींना मानणारेही होते. त्यांचे मत त्यांच्या आडनावावरून ठरविण्यात आले. मतभेद होण्यासाठी दोन माणसांनी दोन मते मांडावी लागतात. येथे एकाने मांडलेच नाही, दुसऱ्याने ऐकलेच नाही. माडगूळ हे गाव ज्या औंध संस्थानात होते, तेथे १९३९ मध्ये गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना अमलात आली होती. ज्या परिसराने गावाच्या पारावर बसून मत मांडण्याचा असा प्रयोग पाहिला होता, त्याच परिसरातील हे लेखक कुटुंब नऊ वर्षांनी न मांडलेल्या मताची शिक्षा भोगत होते, ही विसंगती ‘वावटळ’ वाचताना विसरता येत नाही.

‘जेव्हा माणूस जागा होतो’ : मत नसलेला शांत शेजार

गोदावरी परुळेकरांच्या पुस्तकातील गाव याच्या नेमके उलट आहे. येथे राजकारण येण्यापूर्वी भांडण नाही. जमीनदाराचा वाडा आणि वारल्यांच्या झोपड्या एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. जमीनदार प्रत्येक वारल्याला नावाने ओळखतो. वरवर पाहता हा शांत शेजार आहे. परंतु या शांततेचा पाया वेठबिगारीचा आहे. लग्नासाठी घेतलेल्या तुटपुंज्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी राबत राहतात, त्यांना ‘लग्नगडी’ म्हणतात. हे वर्णन वाचताना ‘एकोपा’ या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासावा लागतो. एका पक्षाला मत असण्याचीच मुभा नसेल, तर मतभेद दिसणार कोठून?

७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. टिटवाळा हे शहापूर तालुक्याला लागूनच असलेल्या कल्याण तालुक्यातील गाव. उंबरगाव तालुक्यातून आलेले माह्या धांगडा आणि त्यांचे सोबती या परिषदेस उपस्थित होते. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद झाली. वेठ करायची नाही आणि रोजची बारा आणे मजुरी मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतावर जायचे नाही, असा निर्धार तेथे झाला. पुढे गवतकापणीच्या मजुरीवरून संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांनी त्यात प्राण गमावले.

या घटनाक्रमात ‘गाव बिघडले’ असे कोणाला वाटले, हे पाहण्यासारखे आहे. बाहेरून आलेल्या लाल बावट्याने साध्याभोळ्या माणसांना फितवले, असे जमीनदारांचे म्हणणे होते. बारा आण्यांची मागणी ही त्यांच्या लेखी शेजारधर्माचा भंग होती. वारल्यांच्या लेखी मात्र माणूस म्हणून समोरासमोर उभे राहण्याचा तो पहिला प्रसंग होता. परुळेकरांचे शीर्षक याच क्षणाकडे निर्देश करते. म्हणूनच येथे राजकीय मतभेद शेजार मोडत नाहीत. शेजार शक्य होण्याची पहिली अट ते पूर्ण करतात, कारण धनी आणि गडी यांना शेजारी म्हणता येत नाही.

या पुस्तकाच्याही मर्यादा नोंदविल्या पाहिजेत. लेखिका संघर्षाच्या आतून लिहिते. जमीनदाराच्या मनाचा शोध घेणे तिला अभिप्रेत नाही. तसेच ‘जागा झालेला’ माणूस एकाच बावट्याखाली येणार हे तिने गृहीत धरलेले दिसते. जागा झालेली दोन माणसे दोन वेगळ्या संघटनांत गेली तर त्यांनी एकमेकांशी कसे वागावे, हा प्रश्न पुस्तकाच्या कक्षेबाहेर राहतो. पुढील काळात याच जिल्ह्यात कष्टकरी संघटना, श्रमजीवी संघटना, श्रमिक मुक्ती संघटना अशा अनेक संघटना आदिवासींमध्ये काम करू लागल्या. त्यामुळे हा प्रश्न आज अधिक महत्त्वाचा झाला आहे.

दोन कृतींचा परस्परसंबंध :

वरवर पाहता ‘वावटळ’ राजकारणाला दोषी ठरविते आणि ‘जेव्हा माणूस जागा होतो’ त्याला मुक्तिदाता मानते. बारकाईने वाचल्यास दोन्ही कृती एकाच निष्कर्षाकडे नेतात. शेजार मोडला तो मते वेगळी होती म्हणून नाही. पहिल्या ठिकाणी मत माणसाच्या जन्माला चिकटविले गेले. दुसऱ्या ठिकाणी मत मांडताच पोटावर पाय आला. मत जन्मावरून ठरविणे आणि मताची शिक्षा जगण्याच्या साधनांतून देणे, ही शेजार मोडण्याची दोन खरी कारणे आहेत. या दोन गोष्टी टळल्या तर कडाक्याचे वाद घालूनही माणसे एका बांधावर नांदू शकतात.

तानसा परिसराच्या संदर्भात :

हा निष्कर्ष शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आजच्या ग्रामजीवनाला लावून पाहता येतो. तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले आणि त्याचे पाणी मुंबईला जाऊ लागले. पुढे भातसाचेही पाणी गेले. याच शहापूर तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जेथे पाणी इतके दुर्मीळ, तेथे टँकर कोणत्या पाड्यावर आधी रिकामा होतो, हा राजकारणाचा आणि शेजाराचा एकाच वेळी प्रश्न असतो. निवडणुकीत कोण कोणाकडे होते याची आठवण टँकरच्या रांगेत काढली जाते, त्या क्षणी मतभेद शिक्षेचे रूप घेतो. रांगेत हंडा लावणारी बाई कोणाच्या प्रचाराला गेली होती हे कोणी विचारत नाही, तेव्हा पक्ष कितीही असोत, शेजार शाबूत असतो. सावडीचेही असेच आहे. आवण तयार झाले आणि पाऊस लागला की लावणी थांबत नाही. ज्याच्या शेतावर आज सावड आहे त्याचा पक्ष पाहून हात आखडता घेतला, तर उद्या आपल्या शेतावर हात कमी पडतात. ही केवळ सद्भावना नाही. ती परस्परावलंबनाची व्यवस्था आहे, आणि म्हणूनच टिकाऊ आहे.

ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर लढविल्या जात नाहीत. तरीही पक्षांची छाया त्यांवर पडतेच. २०२२ मध्ये शिवसेनेत आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये फूट पडली, तेव्हा कालपर्यंत एका व्यासपीठावर बसणारे समोरासमोर आले. अशा वेळी ‘बिनविरोध निवडणूक’ हा उपाय आदर्श म्हणून सुचविला जातो. २००७ मध्ये १५ ऑगस्टपासून राबविण्यात आलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेमागील हेतू स्तुत्य होता. बांधाचे व वाटेचे वाद गावातच मिटावेत यात गैर काहीच नाही. परंतु तंटा मिटणे आणि मत मिटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील ग्रामपंचायत निवडणुका रद्द केल्या, कारण तेथे पदांचा लिलाव झाल्याचे आढळले. वरून पाहता ते एकमत होते. आत मात्र बोलीचा पैसा बोलत होता. परुळेकरांच्या पुस्तकातील शांत गावाची येथे आठवण होते.

याउलट, अनुसूचित क्षेत्रातील पंचायतविषयक कायदा (१९९६) आणि त्याखालील राज्याचे नियम (२०१४) यांनी पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मिळविण्याचा मार्ग खुला केला. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. पाड्याच्या ग्रामसभेत समोर बसणारा प्रत्येक जण शेजारीच असतो. त्याला विरोध करायचा आणि संध्याकाळी त्याच्याच अंगणातून घरी जायचे, हे शिक्षण ही सभा देऊ शकते. ती केवळ कागदावर भरली तर ही संधी वाया जाते, हेही खरे.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. राजकीय मतभेदांचा अभाव ही चांगल्या शेजाराची खूण मानता येत नाही. अनेकदा ती कोणाच्या तरी मौनाची खूण असते.

२. ‘वावटळ’मधील विध्वंस मतभेदातून झालेला नाही. मत न विचारता ते जन्मावरून गृहीत धरल्याने तो झाला. आजही शेजाऱ्याची जात पाहून त्याचे मत ठरविण्याची सवय गेलेली नाही, म्हणून ही कादंबरी कालबाह्य ठरत नाही.

३. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक दाखवून देते की, ज्याला नकार देता येत नाही त्याच्याशी शेजार होत नाही. त्यापुढील प्रश्नाचे, म्हणजे जागृत माणसांनी परस्परांतील मतभेद कसे सांभाळावेत याचे, उत्तर त्यात मिळत नाही. नंतरच्या ग्रामीण व आदिवासी साहित्यात त्याचा शोध घ्यावा लागेल.

४. पाणी, वाट, मजुरी आणि मयत या चार गोष्टी मतदानापासून अलग राखणे हा शेजारधर्माचा किमान करार मानता येईल. हा करार पाळणाऱ्या गावात राजकीय मतभेद कितीही तीव्र असले तरी त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. तो मोडणाऱ्या गावात मात्र निवडणूक बिनविरोध झाली म्हणून शेजार सुखरूप आहे, असे समजणे धोक्याचे ठरेल.