गोल्डन कामुई : गोंदणातला नकाशा

गुप्तधनाच्या शोधाची कथा ही मूलतः नकाशाची कथा असते. धन कोठेतरी पुरलेले असते, त्याची खूण एखाद्या कागदावर किंवा कूटलेखात असते, आणि ती उकलीत नायक ज्या प्रदेशातून जातो त्या प्रदेशाला स्वतःचे असे काहीच म्हणावयाचे नसते. दऱ्या ओलांडण्यासाठी असतात, अरण्ये वाट चुकण्यासाठी असतात, आणि तेथील रहिवासी वाट दाखविण्यासाठी किंवा अडविण्यासाठी. स्टीव्हन्सनने ‘ट्रेझर आयलंड’मध्ये (१८८३) बेट जवळजवळ निर्जन ठेवून ही अडचण टाळली, सोडविली नाही. सातोरु नोदा ह्या जपानी चित्रकथाकाराची ‘गोल्डन कामुई’ विचारात घेण्याजोगी आहे ती ह्याच कारणासाठी. कथाप्रकाराचा हा जन्मजात दोष तिने त्याच्या सर्व अटी पाळून आतूनच उघडा केला आहे. मात्र अखेरच्या भागात ती त्याच दोषाला शरण गेली आहे, असे माझे मत आहे.

‘यंग जंप’ ह्या साप्ताहिकात ही चित्रकथा २०१४ ते २०२२ ह्या काळात क्रमशः आली. तिची प्रकरणे ३१४ व खंड ३१. काळ रूस-जपान युद्धानंतरचा, स्थळ प्रामुख्याने होक्काइदो. आइनू लोकांनी साठविलेले सोने एकाने बळकावून लपविले आहे. त्या ठिकाणाचे कूट त्याने अबाशिरीच्या तुरुंगातील २४ कैद्यांच्या अंगावर गोंदून ठेवले आहे. ते सर्व कैदी पळाले आहेत. युद्धातून जिवंत परतलेला सुगिमोतो आपल्या मृत मित्राच्या पत्नीच्या डोळ्यांवरील उपचारांसाठी पैसा मिळवू पाहत आहे. आशिर्पा ही आइनू मुलगी आपल्या पित्याच्या हत्येचा छडा लावू पाहत आहे. ह्या दोघांच्या सोबतीने कथा पुढे सरकते.

येथे ग्रंथकाराची पहिली व बहुधा सर्वांत समर्थ कल्पना येते. गोंदणाच्या रेषा छातीच्या मध्यावर येऊन तुटतात. शिकारी ज्या रेषेवर सुरी चालवून जनावराचे कातडे सोडवितो, नेमकी तीच ही रेषा. म्हणजे ज्याने गोंदले त्याने ही माणसे सोलली जावीत अशीच योजना केली होती. नकाशा वाचावयाचा तर वाचकाला खाटीक व्हावे लागते. सामान्य शोधकथेत मृत्यू वाटेवर घडतात. येथे मृत्यू हीच वाट आहे. सातव्या डिव्हिजनचा त्सुरुमि हा अधिकारी असे कातडे शिवून अंगरख्याप्रमाणे घालतो, आणि एदोगाई नावाचा पेंढा भरणारा कारागीर मानवी कातड्याचे बनावट नकाशे तयार करतो. येथील बीभत्स केवळ दचकविण्यासाठी योजलेला नाही. लोभाला देहाची जी किंमत वाटते तिचे ते शब्दशः चित्र आहे.

ह्या गोंदणासमोर दुसरे एक गोंदण उभे आहे, आणि ते लेखकाने फारसे बोलून न दाखविता नुसते रेखाटले आहे. आशिर्पाची आजी हुची हिच्या ओठांभोवती आइनू स्त्रियांचे पारंपरिक गोंदण आहे. नातीच्या ओठांभोवती ते नाही. मेइजी शासनाच्या प्रशासनाने १८७१ मध्ये ह्या प्रथेस बंदी केली होती. एका त्वचेवर कुळाची ओळख, दुसरीवर सोन्याचा पत्ता. ज्या राजवटीला पहिले रानटी वाटले, तिचेच सैनिक दुसऱ्यासाठी माणसे सोलीत आहेत. हा विरोध चौकटीतल्या रेषेनेच साधावा, कोणत्याही पात्राच्या तोंडी तो येऊ नये, ह्यात नोदांचा कलासंयम दिसतो. त्यांचे सर्व लेखन असे संयत आहे असे मात्र मुळीच नाही.

परंतु ह्या कृतीचे खरे वैशिष्ट्य शोधात नसून शोधाच्या खोळंब्यात आहे. कथानक ऐन वेगात असताना आशिर्पा थांबते, खार किंवा ससा मारते, त्याचे मांस हाडांसकट बारीक चेचते. ह्या पदार्थाचे नाव ‘चितातप’, म्हणजे ‘आम्ही चेचतो ते’. प्रत्येकाने आळीपाळीने सुरी घ्यावयाची व ‘चितातप, चितातप’ असे म्हणत चेचावयाचे. जेवताना ‘हिन्ना’ म्हणून कृतज्ञता व्यक्त करावयाची. सुगिमोतो जवळचा मिसो काढतो तेव्हा तिला ती विष्ठा वाटते, आणि तो ती खातो म्हणून ती भयचकित होते. हास्य आणि बीभत्स इतके लागून आल्यास रसभंग व्हावा असे शास्त्र सांगेल. मर्ढेकरांच्या परिभाषेत ह्यास विरोधलय म्हणता येईल; मला मात्र येथे लयीपेक्षा आशय मोलाचा वाटतो. आइनूंच्या समजुतीप्रमाणे अस्वल हा कातडे पांघरून पाहुणा आलेला कामुई. मांस व कातडे ही त्याची भेट, आणि त्याला सन्मानाने परत पाठविणे हे माणसाचे कर्तव्य. त्यामुळे कातडे सोडविण्याची एकच क्रिया एकीकडे आतिथ्य ठरते व दुसरीकडे लूट. दोन्ही क्रिया एकाच अरण्यात, पाठोपाठच्या पानांवर घडतात. सुरी, सापळा, झाडाच्या सालीचे वस्त्र ह्यांची रेखाटने संग्रहालयाच्या सूचीइतकी काटेकोर आहेत. आइनू भाषेसाठी लेखकाने हिरोशी नाकागावा ह्या अभ्यासकाचे साहाय्य घेतले. त्यामुळे नकाशातला कोरा भाग नावांनी, चवींनी व ऋणांनी भरून जातो. त्यावर फुली मारावयास जागाच उरत नाही.

अद्भुताचा अंशही ह्याच दृष्टीने पाहावा. इतिहासात १८६९ मध्ये हाकोदाते येथे पडलेला हिजिकाता तोशिझो येथे वृद्धपणी जिवंत आहे व एझोचे प्रजासत्ताक पुन्हा उभारू पाहतो. त्सुरुमिला लष्करी सत्ता हवी आहे. प्रत्येकाच्या स्वप्नात एक राज्य आहे, आणि प्रत्येक राज्याची भूमी आइनूंची आहे. सोन्याचा आकडा प्रथम २० कान (सुमारे ७५ किलो) सांगितला जातो, पुढे तो २०,००० कान होतो. अतिशयोक्तीचा दोष द्यावा तर राज्याच्या हावेला लहान आकडा पुरतही नाही.

आता शेवटाकडे. गोर्योकाकुच्या किल्ल्यात धनाबरोबर एक करारपत्र हाती येते : १८६८-६९ मध्ये एनोमोतो ताकेआकीच्या अल्पजीवी सरकारने सोन्याच्या मोबदल्यात आइनूंना भूमी दिल्याचे. ह्या कागदाच्या बळावर अरण्यांचे काही भाग वाचले, असे उपसंहार सुचवितो. युक्ती चतुर आहे. धन म्हणजे भूमी हे सूत्र तीत पूर्ण होते. पण जी कृती शेकडो पाने भूमीशी असलेले नाते कृतीतून, खाण्यातून, नामांतून सिद्ध करते, तिने ते नाते अखेर एका सहीच्या कागदावर टेकवावे, तोही कागद जिंकणाऱ्यांच्या भाषेतला असावा, हे मला खटकते. शिवाय असा कागद इतिहासात नव्हता. होता तो १८९९ चा कायदा, ज्याने प्रत्येक आइनू कुटुंबास शेतीसाठी फार तर सुमारे ५ हेक्टर जमीन देऊ केली, आणि १५ वर्षांत ती लागवडीखाली न आल्यास परत घेण्याची तरतूद केली. शिकारी लोकांना शेतकरी बनविण्याचा तो उपाय १९९७ पर्यंत कायद्यात टिकला. आशिर्पाचे विषारी बाण तर १८७६ पासूनच निषिद्ध होते. कल्पिताने इतिहास बदलू नये असा आग्रह मी धरीत नाही. हिजिकाता जिवंत राहिला ह्याबद्दल माझी तक्रार नाही. मेलेल्याला जगविणे ही अद्भुताची सूट आहे. हिरावलेले परत मिळाल्यासारखे दाखविणे ही वेगळी गोष्ट, कारण तिने वाचकाचे ऋण फिटल्यासारखे होते.

हे ऋण फिटलेले नाही. २०१९ मध्ये ब्रिटिश म्यूझियमने आपल्या मांगा-प्रदर्शनाच्या जाहिरातीसाठी आशिर्पाचे चित्र निवडले. त्याच वर्षी जपानच्या नव्या कायद्याने आइनूंना मूलनिवासी म्हणून मान्यता दिली, आणि पुढच्या वर्षी शिराओई येथे त्यांचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. सॅमन माशाला आइनू ‘कामुई चेप’, देवाचा मासा, म्हणतात. तोकाची नदीत तो पकडण्याचा आपला पूर्वापार हक्क मान्य व्हावा म्हणून एका आइनू संघटनेने दावा लावला होता. साप्पोरो जिल्हा न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये तो फेटाळला.