'कब्ज' ते 'कब्जा' : 'पिकू' पाहताना

नववीच्या वर्गात उर्दू व्याकरणातला 'माद्दा' शिकवत होतो. तीन मूळ अक्षरांतून शब्दांचे अख्खे कुटुंब कसे उभे राहते हे दाखवण्यासाठी फळ्यावर काफ, बे, ज्वाद लिहिले. 'कब्ज' हा शब्द उच्चारताच मागच्या बाकांवर खसखस पिकली. हसू ओसरल्यावर आम्ही पुढचे शब्द लिहिले. कब्जा, मकबूजा, काबिज. पोट धरून ठेवते तेही कब्ज, जमीन धरून ठेवतो तोही काबिज, आणि माणूस जातो तेव्हा त्याची रूहदेखील कब्ज होते. वर्ग शांत झाला. आणि आम्हाला एकाएकी 'पिकू' आठवला.

८ मे २०१५ रोजी प्रदर्शित झालेला हा शूजित सरकार यांचा चित्रपट. लेखन जुही चतुर्वेदी यांचे. दिल्लीच्या चित्तरंजन पार्कात राहणारे सत्तरीचे भास्कोर बॅनर्जी (अमिताभ बच्चन) आणि त्यांची आर्किटेक्ट मुलगी पिकू (दीपिका पदुकोण). आई नाही. बाबांना बद्धकोष्ठ आहे आणि सगळे घर त्या एका दुखण्याभोवती फिरते. कोलकात्याच्या वडिलोपार्जित घराकडे जायचे ठरते. ड्रायव्हर येत नाही म्हणून टॅक्सी कंपनीचा मालक राणा चौधरी (इरफान खान) स्वतः गाडी चालवायला बसतो. टपावर बाबांची कमोडची खुर्ची बांधलेली. कथा म्हणाल तर एवढीच.

समीक्षकांनी त्या वेळी या चित्रपटाला विनोदी कौटुंबिक कथा म्हटले. आम्हाला ती कब्जाची कथा वाटते. भास्कोरदा स्त्रीस्वातंत्र्याचे कैवारी. निव्वळ नवऱ्याची सेवा करायला लग्न करणे त्यांना कमअकलेचे लक्षण वाटते. ऐकायला किती पुढारलेले! पण मुलीत कुणी रस घेतो आहे असे दिसताच हेच गृहस्थ भर मेजवानीत तिच्या खासगी आयुष्याचा पाढा वाचतात, म्हणजे समोरचा आपोआप पळावा. मुलीने नवऱ्याची सेवा करू नये, कारण तिने बापाची करायची आहे. हा कब्जा काठीने घेतलेला नाही, प्रेमाने घेतलेला आहे. म्हणूनच तो सोडवणे कठीण. जुही चतुर्वेदी यांच्या लेखणीची ताकद अशी की म्हातारा कुठेही खलनायक होत नाही. त्याचा राग येतो आणि पुढच्याच क्षणी त्याला औषध दिले का, याची काळजी वाटते.

२०१५ साली आम्ही बी.एड. करत होतो. आपांना आग्रहाने थिएटरात नेले. अब्बा तेव्हा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. शेजारच्या खालाला तीन तास बसवून आलो होतो. ऑफिसातल्या पिकूला बाबांच्या शौचाचा सविस्तर अहवाल पोहोचतो, तेव्हा सारे थिएटर खदखदून हसले. आपा हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून फोन काढून पाहिला.

आपांना स्थळे येत होती. अब्बा प्रत्येकात काही ना काही खोट काढीत. कुणाचे शिक्षण कमी, कुणाचे गाव लांब. आम्हीही गप्प राहत होतो. आपा सासरी गेल्या तर अब्बांचे कोण करणार, हा प्रश्न आमच्याही मनात होता आणि त्याचे उत्तर आम्हाला स्वतः द्यायचे नव्हते. भास्कोरदांकडे बोट दाखवताना हे लपवून ठेवणे बरे नव्हे.

प्रवासाकडे वळू. वाराणसीमार्गे जाणाऱ्या या रस्त्याचा वारसा थेट शेरशाह सूरीच्या सडकेपर्यंत पोहोचतो. पण दिग्दर्शकाला देखाव्यांचा मोह नाही. कॅमेरा बहुतेक वेळ गाडीच्या आतच. आणि आत इरफान! संवाद दुसऱ्याचा असतानाही नजर त्याच्याकडे जाते. स्टिअरिंगवर हात, चेहऱ्यावर 'कुठून या फंदात पडलो' असा भाव. राणा सौदीहून परतलेला इंजिनियर आहे. आमच्या कोकणात असे राणा मोहल्ल्यामोहल्ल्यांत सापडतील, बाहेरून कमावून आलेले आणि घरात पुन्हा न रमलेले. कागदावर चित्र काढून तो म्हाताऱ्याला उकिडवे बसण्याचे फायदे समजावतो, तो प्रसंग दुसऱ्या नटाच्या हाती ओंगळ झाला असता. २९ एप्रिल २०२० रोजी इरफान गेला.

जाता जाता एक नोंद. पिकूचा व्यवसायातला भागीदार सय्यद आहे. जीशू सेनगुप्ता यांनी साकारलेला हा सय्यद ना शायरी करतो, ना देशभक्ती सिद्ध करतो. ऑफिस चालवतो. हिंदी पडद्यावर असा साधा मुसलमान भेटला की बरे वाटते.

दोष आहेत. राणाची आई आणि बहीण केवळ कटकट करण्यापुरत्या उरतात. मोठा दोष शेवटाचा. कोलकात्यात भास्कोरदा एकटेच सायकलवर भटकतात, मनसोक्त खातात, पोट साफ होते आणि झोपेतच प्राण जातो. कब्ज सुटला आणि रूह कब्ज झाली. उर्दूच्या शिक्षकाला हा योग सुरेख वाटणारच. पण पिकूला काही निवडावे लागलेच नाही. राणा की बाबा, स्वतःचे घर की बाबांचे, हा पेच मृत्यूने येऊन परस्पर सोडवला. अब्बांचे दुखणे सव्वातीन वर्षे चालले. शेवटच्या महिन्यांत ते आपांनाही ओळखत नव्हते. पटकथेला अशा रात्री परवडत नसाव्यात.

वर्गातल्या त्या तासानंतर रविवारी घरी 'पिकू' पुन्हा लावला. आपा शेजारी बसून मेथी निवडत होत्या. शेवटी पिकू आणि राणा बॅडमिंटन खेळतात, तिथे त्यांनी मान वर केली.

"अब तो वक्त पर खाना खाती होगी," म्हणाल्या, आणि जुडी उचलून आत गेल्या.