नमस्काराला व्याज नाही

लेखक भेटला की वाचक विचारतो, 'हे तुम्हांला सुचतं तरी कसं?' गवई भेटला की श्रोता विचारतो, 'रियाज रोज किती तास?' आणि हाणामारीचे व्हिडिओ गेम करणारा माणूस चाहत्यांच्या तावडीत सापडला, की कोपऱ्यातून एक तरी आवाज येतोच, 'साहेब, तुम्हांला स्वतःला कराटे येतं का हो?' मनुष्यस्वभाव आहे. आम्ही बँकेत दिवसभर लाखांच्या नोटा मोजतो, तेव्हा आमचे सोयरेसुद्धा आम्हांला श्रीमंतच समजतात.

जॉर्डन मेकनर हा अशाच तावडीत सापडणारा अमेरिकन गृहस्थ. जन्म १९६४ चा. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्याने 'कराटेका' नावाचा खेळ रचला. तो १९८४ साली ब्रॉडरबंड कंपनीने बाजारात आणला. पाच वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आला. माझ्या वयाच्या मंडळींपैकी ज्यांनी कॉम्प्युटर क्लासची फी घरच्यांकडून 'टॅली शिकतो' म्हणून घेतली, त्यांना हा पांढऱ्या कपड्यांतला राजपुत्र वेगळा सांगायला नको.

मेकनर तसा बोलका माणूस. गेली कित्येक वर्षं तो चाहत्यांना उत्तरं देत आला आहे. ऐन विशीत लिहिलेल्या रोजनिशा त्याने छापून टाकल्या. २०११ साली सॅन फ्रान्सिस्कोला गेम करणाऱ्यांच्या मोठ्या परिषदेत उभं राहून 'प्रिन्स' कसा घडला ते सांगितलं. २०२३ मध्ये तर 'द मेकिंग ऑफ कराटेका' नावाचा एक माहितीपटवजा खेळच निघाला. त्यात त्याचे कच्चे खर्डे, पत्रव्यवहार, अर्धवट टाकलेले प्रयत्न, सगळं मांडून ठेवलं आहे. आमच्या ऑडिटरला इतकी कागदपत्रं एका जागी मिळाली तर तो आनंदाने रडेल.

आता या गप्पांमध्ये लोकांना आवडतं काय? तर किस्से. 'कराटेका'च्या फ्लॉपीचा किस्सा घ्या. ती उलट्या बाजूने घातली तर सगळा खेळ डोकं खाली पाय वर असा चालायचा. मुद्दाम केलेला वात्रटपणा! कल्पना अशी की गिऱ्हाइकाने घाबरून फोन करावा आणि कंपनीच्या माणसाने गंभीरपणे सांगावं, 'साहेब, फ्लॉपी काढा आणि सुलटी घाला.' किस्सा झकासच आहे. पण किस्सा हा चिवडा झाला. जेवण निराळं आहे, आणि मला बोलायचं आहे ते जेवणाबद्दल.

मेकनरने कराटे आणलं कुठून? कराटे शिकवणाऱ्या एका मास्तरांना सुपर-८ कॅमेऱ्यासमोर उभं केलं, त्यांच्या लाथा-बुक्क्या चित्रित केल्या आणि त्या फितीतली एकेक चौकट हाताने गिरवली. आपण बालवाडीत 'ग' गिरवायचो, तशी. पुढे 'प्रिन्स'साठी धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला लावलं. तलवारबाजीसाठी १९३८ च्या रॉबिन हूडच्या चित्रपटातलं एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांचं काही सेकंदांचं द्वंद्व गिरवलं. 'कराटेका'चं संगीत वडिलांचं. वडील पेशाने मानसशास्त्रज्ञ. एकूण घरगुती मामला. दिवाळीचा फराळ करायला सगळं घर बसतं, तसा.

म्हणजे 'तुम्हांला कराटे येतं का' या प्रश्नाला अर्थच उरत नाही. त्याला बघता येतं, हे महत्त्वाचं. लाथ मारणाऱ्या माणसाचा तोल लाथेच्या आधी कुठे असतो आणि नंतर कुठे जातो, हे ज्याने शेकडो चौकटी गिरवून पाहिलं, त्याला त्या विद्येतलं जे कळलं असेल, ते पट्ट्याच्या रंगावरून मोजता येणार नाही.

आता खेळ तपासू. 'कराटेका'त तीन बुक्क्या आणि तीन लाथा: वरची, मधली, खालची. एवढंच भांडवल. पण माणसाचे पवित्रे दोन. एक साधा, उभं राहण्याचा, दुसरा लढाईचा. साध्या पवित्र्यात धावता येतं, पण त्या अवस्थेत शत्रूने गाठलं तर एका फटक्यात कारभार आटोपतो. लढाईच्या पवित्र्यात फटके सोसता येतात, पण पाय घासत घासत पुढे सरकावं लागतं, पेन्शनीच्या रांगेसारखं. मार खाल्ल्यावर जरा स्वस्थ उभं राहिलं की गेलेली शक्ती हळूहळू परत येते. आणि एक कळ दाबली की आपला वीर शत्रूला वाकून नमस्कार करतो. शत्रूही उलट वाकतो!

या नमस्काराचे गुण मिळत नाहीत. शक्ती वाढत नाही, फटका चुकत नाही. मी कॉमर्सचा माणूस. ज्यावर व्याज नाही अशी ठेव कोण ठेवील, असं मला प्रथम वाटलं. पण कराटेच्या वर्गात सुरुवात वाकून आणि शेवट वाकून, हे त्या विद्येचं पहिलं कलम आहे. आपल्याकडे तालमीतही सलामी दिल्याशिवाय कुस्ती लागत नाही. मेकनरने हे व्याजाविना ठेवलं, हेच बरोबर. नमस्काराचे दहा गुण दिले असते तर तो नमस्कार उरला नसता, वार्षिक वेतनवाढीच्या आधी मॅनेजरला घातलेला नमस्कार झाला असता.

आणि आता शेवटची लाथ. सगळे पहारेकरी लोळवून, अकुमा नावाच्या दुष्ट सरदाराला आडवं करून, आपला वीर राजकन्या मारिकोच्या कोठडीत शिरतो. तो जर लढाईच्या पवित्र्यातच तिच्याकडे सरकत गेला, तर राजकन्या एका लाथेत त्याला ठार करते. खेळ खलास, पहिल्यापासून सुरू करा! हात खाली घेऊन, साध्या माणसासारखा गेला तर मात्र ती गळ्यात पडते.

चाहते या लाथेवर खो खो हसतात. मला ती या खेळाचा गाभा वाटते. 'प्रिन्स'मध्ये हीच गोष्ट पुन्हा आली आहे. त्यात राजपुत्राची सावली त्याच्याशी लढायला उभी राहते. कॉम्प्युटरची मेमरी संपत आली, नव्या शत्रूचं चित्र काढायला जागा नाही, म्हणून राजपुत्राचंच चित्र जरा सरकवून पुन्हा वापरलं, असा त्या सावलीचा जन्म. टंचाईतला संसार! या सावलीला तलवार मारावी तर तिच्याबरोबर आपलीही शक्ती घटते. तिला ठार केलं तर आपणही मेलो. उपाय एकच: तलवार म्यानात घालायची आणि सरळ चालत जायचं. दोघे एक होतात.

दोन्ही खेळांत शंभर वेळा कसं मारायचं ते शिकवलं आहे आणि एकदाच, अगदी अवघड जागी, कधी मारायचं नाही ते विचारलं आहे. मेकनरशी गप्पा मारताना विचारायचा प्रश्न असेल तर तो हा आहे. फ्लॉपी उलटी घालण्याचा नव्हे.

दोष नाहीत असं नाही. राजकन्येच्या त्या लाथेची आधी पुसटशीही सूचना नाही. तास-अर्ध्या तासाची कमाई एका नियमाखाली जप्त, आणि नियम छापलेला नाही! असा कारभार आम्ही बँकेत केला तर ग्राहक न्यायालयात उभे राहू. वरून धाडकन पडणारा दरवाजा तर ना नमस्कार जाणतो ना पवित्रा. आणि मुख्य आक्षेप असा, की जी बाई एका लाथेत माणूस संपवते, ती इतका वेळ कोठडीत कोणाची वाट बघत बसली होती? पहारेकऱ्यांनी जेवण आणलं तेव्हा काय पाय दुखत होता? आमच्या सौ.ने हा प्रश्न पहिल्या मिनिटाला विचारला. मेकनरने लाथ दिली, पण ती वापरायची अक्कल तिला फक्त विनोदापुरतीच दिली, हे समीक्षक म्हणून नोंदवणं भाग आहे.

सौ. अशा खेळांविरुद्ध आहे. मुलं मारकुटी होतात, असं तिचं मत. चिरंजीव तेरा वर्षांचे. सोसायटीच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीनदा कराटेला जातात, त्याची फी मात्र तीच न विसरता भरते! महिन्यामागे शाळेत एकाने त्याची कॉलर धरली. चिरंजीव पिवळ्या पट्ट्याचे. घरी आल्यावर मी विचारलं, 'मग तू काय केलंस?'

'काही नाही. हात खाली ठेवले. त्याचे थरथरत होते.'

'मास्तरांनी सांगितलं होतं वाटतं?'

'मास्तरांनी पण. आणि बाबा, तुमच्या त्या जुनाट गेममधली बाई नाही का.'

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्र उघडलं. तिचं मत बदललं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. एका मुलाच्या एका दुपारीवरून सिद्धांत मांडायला मी काही संशोधक नव्हे. पण खेळ मारामारीचा आहे की नाही, एवढ्यावर त्याला नापास करणाऱ्यांनी तो निदान शेवटच्या कोठडीपर्यंत खेळून बघावा, इतकं म्हणायला हरकत नाही.

तेवढी एक काळजी घ्यावी. आत शिरताना हात खाली असू द्यावेत.