डेझीचं फूल आणि आइस्क्रीमचा कोन

अमेरिकेतल्या निवडणूक प्रचाराचा विषय निघाला की एका जाहिरातीचं नाव हमखास येतं. ७ सप्टेंबर १९६४ च्या रात्री एनबीसीवर ‘डेव्हिड अँड बाथशीबा’ हा चित्रपट चालू असताना ती दाखवली गेली, आणि पैसे भरून दाखवण्याची तेवढी एकच वेळ. एक लहान मुलगी फुलाची एकेक पाकळी तोडत आकडे मोजते आहे. मधले आकडे चुकतात. ती नऊपर्यंत येते आणि एका पुरुषी आवाजात उलटी मोजणी सुरू होते. कॅमेरा तिच्या डोळ्यात शिरतो, बुबुळाचा काळोख पडदाभर पसरतो आणि अणुबॉम्ब फुटतो. त्या ज्वाळांवर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा आवाज येतो: देवाच्या सगळ्या लेकरांना जगता येईल असं जग घडवायचं की अंधारात जायचं, हा प्रश्न आहे. शेवटी मतदानाची तारीख. सगळं साठ सेकंदांत. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचं नावही नाही.

या जाहिरातीवर लिहिणारे बहुतेक जण तिच्या कारागिरीवर खूष असतात. कारागिरी आहेच. फोक्सवॅगनच्या जाहिरातींनी नाव कमावलेल्या डॉइल डेन बर्नबाख या एजन्सीचं ते काम, आणि आवाजाची बाजू टोनी श्वॉर्ट्झ यांनी सांभाळलेली. श्वॉर्ट्झ यांचं मत असं होतं की, प्रेक्षकाला काही सांगायला जाऊ नये. त्याच्या मनात जे आधीपासून आहे त्यालाच फक्त हात लावावा. १९६४ च्या प्रेक्षकाच्या मनात काय होतं? शाळेत बाकाखाली लपायच्या कवायती होत्या. दोनच वर्षांपूर्वीचा क्यूबाचा पेचप्रसंग होता. अण्वस्त्रांबद्दल गोल्डवॉटर सैलपणे बोलत, तेही होतं. त्यामुळे नाव घ्यायची गरजच उरली नाही. लोकांनी रिकामी जागा स्वतःच भरली.

माझी हरकत नेमकी इथे आहे, आणि ती समजायला त्याच प्रचारातली, त्याच महिन्यातली दुसरी जाहिरात पाहावी. तिच्यातही एक लहान मुलगी आहे, ती आइस्क्रीमचा कोन चाटते आहे. एक बाई आईच्या सुरात सांगते की अणुचाचण्या हवेत होत असताना स्ट्रॉन्शियम-९० सारखी द्रव्यं मुलांच्या अन्नात उतरत होती. मग या चाचण्या थांबवण्याचा करार झाला. आणि राष्ट्राध्यक्ष होऊ पाहणाऱ्या एका गृहस्थाने त्या कराराविरुद्ध मत दिलं आहे, त्यांचं नाव बॅरी गोल्डवॉटर. ही माहिती खरी होती. १९६३ च्या करारावर सिनेटमध्ये गोल्डवॉटर यांनी विरोधी मत दिलेलं होतं.

भीती दोन्हीकडे आहे. पण आइस्क्रीमच्या जाहिरातीतल्या भीतीला नाव आहे, तारीख आहे, एक मत आहे. गोल्डवॉटर तिला उत्तर देऊ शकत होते: रशियावर माझा विश्वास नाही, म्हणून मी विरोध केला. मग प्रेक्षकाला दोन बाजू तोलता आल्या असत्या. डेझीच्या फुलाला उत्तर काय देणार? ‘मी त्या मुलीला मारणार नाही’ असं? तोंड उघडलं की आरोप आपला मानल्यासारखं. वाद घालायची सोयच नाही, आणि हे जाहिरातीचं यश म्हणून शिकवलं जातं. आपल्याकडची मुलं इथल्या हायस्कुलात अमेरिकेचा इतिहास शिकताना हीच पाहतात. आइस्क्रीमवाली कोणाला आठवत नाही.

आता कॅलेंडरचं पान मागे उलटू. डेझीच्या बरोबर एक महिना आधी, ७ ऑगस्टला, टोंकिनच्या आखाताचा ठराव काँग्रेसने मंजूर केला होता. २ ऑगस्टला ‘मॅडॉक्स’ या अमेरिकन युद्धनौकेवर उत्तर व्हिएतनामच्या बोटींनी हल्ला केला, तो खरा. ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला झालाच नव्हता. अंधारात, खराब हवेत रडार आणि सोनारवर दिसलं-ऐकलं त्यावरून तो झाला असं ठरलं. एनएसएच्या स्वतःच्या इतिहासकाराचा तसा निष्कर्ष २००५ मध्ये खुला झाला. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच, फक्त इथली भुई दुसऱ्याच्या देशातली होती. हाउसमध्ये तासभरही चर्चा न होता ठराव ४१६ विरुद्ध शून्य मतांनी गेला. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. विरोध करणारे दोघे म्हणजे ऑरेगनचे वेन मॉर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रुएनिंग.

म्हणजे गोल्डवॉटर जग पेटवतील अशी भीती घालणाऱ्या माणसाच्या खिशात तेव्हा युद्धाचा कोरा चेक होता. जॉन्सन ढोंगी होते एवढं म्हणून हे प्रकरण मिटवता येत नाही. ते स्वतः घाबरलेले होते. १९४९ मध्ये चीन कम्युनिस्टांच्या हाती गेला, तेव्हा ‘चीन कोणी घालवला’ या प्रश्नाने ट्रूमन यांच्या पक्षाची काय दशा केली, मॅकार्थींनी त्यावर काय रान उठवलं, हे त्यांनी सिनेटमध्ये बसून पाहिलं होतं. व्हिएतनाम घालवल्याचा शिक्का त्यांना नको होता. ठरावामुळे गोल्डवॉटर यांना ‘जॉन्सन नेभळट आहेत’ म्हणता येईना, आणि जाहिरातीमुळे जॉन्सन यांना ‘गोल्डवॉटर माथेफिरू आहेत’ असं न बोलता म्हणता आलं. व्हिएतनाममध्ये नक्की काय करायचं, किती सैन्य, किती वर्षं, याची चर्चा या दोन भीतींच्या फटीत कुठेतरी पडून गेली. जॉन्सन ४४ राज्यं जिंकले. ८ मार्च १९६५ ला मरीन्स दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले.

जॉन्सनबद्दल आपल्या मंडळींच्या मनात एक हळवा कोपरा आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. आपल्यातले बरेच जण इथे आहेत ते त्यांनी ऑक्टोबर १९६५ मध्ये सही केलेल्या इमिग्रेशन कायद्यामुळे. पण त्याच सुमारास भारताला जाणाऱ्या गव्हाची जहाजं ते हात आखडून, थोडी थोडी सोडत होते, आणि त्यामागे शेतीधोरणाइतकीच व्हिएतनामवर भारत करत असलेल्या टीकेची चीडही होती. रेशनच्या रांगेत अमेरिकन गहू घेतलेली पिढी अजून आपल्या मंडळांतून भेटते.

डेझीचे चाहते बहुधा उदारमतवादी असतात. भीती आपल्या बाजूची होती, शांततेसाठी वापरली होती, मग बिघडलं काय, असा त्यांचा सूर. बिघडलं ते ८ सप्टेंबर २००२ ला दिसलं. त्या दिवशी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कॉंडोलीझा राइस सीएनएनवर म्हणाल्या की, सद्दामविरुद्धचा पक्का पुरावा अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपाने मिळावा अशी आमची इच्छा नाही. महिन्याभराने सिनसिनाटीच्या भाषणात बुश तेच म्हणाले. ढग तोच होता. १९६४ मध्ये तो युद्धखोराला रोखायला दाखवला, २००२ मध्ये युद्धाला निघण्यासाठी. बागुलबुवा कोणाच्या मालकीचा नसतो, जो आधी हाक मारेल त्याच्यामागे जातो. आणि उत्तराची वाट पुन्हा बंद. इराकमध्ये शस्त्रं सापडत नाहीत म्हणणाऱ्याला ‘सापडेपर्यंत थांबायचं का?’ असं विचारलं जाई. पुरावा नसणं हीच घाईची सबब झाली. त्या ऑक्टोबरमध्ये हाउसने २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी परवानगी दिली. १५६ जणांनी विरोध केला हे लक्षात ठेवावं. भीतीने सगळ्यांचीच बुद्धी जाते, हे खरं नाही.

भीती नकोच, असं मला म्हणायचं नाही. अणुचाचण्या हवेतून जमिनीखाली गेल्या त्या भीतीमुळेच, आणि ते चांगलं झालं. ११ सप्टेंबरनंतरची भीतीही कल्पनेतली नव्हती. पण त्याच आठवड्यात अॅरिझोनात एका शीख पेट्रोल पंपवाल्याला पगडीपायी गोळी घातली गेली, कारण भीतीला तेव्हा चेहरा हवा होता आणि कुठलाही चालत होता.

त्याच्या आदल्याच दिवशी, १४ सप्टेंबर २००१ ला, हाउसने राष्ट्राध्यक्षांना बळ वापरायची मोकळीक दिली होती. शत्रू देशाचं नाव त्यात नव्हतं, मुदत नव्हती. मतं ४२० विरुद्ध १. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. त्यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या, पोलिसांचं संरक्षण घ्यावं लागलं. मॉर्स आणि ग्रुएनिंग दोघंही १९६८ मध्ये आपल्या जागा गमावून बसले होते, एक नोव्हेंबरच्या निवडणुकीत, दुसरे पक्षाच्या प्रायमरीतच. ली यांना मात्र ओकलंडच्या मतदारांनी पुढच्याच वर्षी मोठ्या फरकाने परत पाठवलं.