सही कोणाची, काम कोणाचं?

संशोधनाचा विषय शोधताना आपण पेपर वाचतो, थिसिस चाळतो. कायदे फारसे वाचत नाही, आणि कायद्याच्या शेवटी जोडलेल्या याद्या तर नाहीच. म्हणून आज अशा एका यादीतली एकच ओळ घेऊन बसूया.

२०२१ साली संसदेनं 'नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स' स्थापन करणारा कायदा केला. डॉक्टर, नर्स, दंतवैद्य, फार्मासिस्ट यांच्याशिवाय दवाखाना ज्यांच्या जिवावर चालतो, त्या तंत्रज्ञांच्या शिक्षणाला आणि नोंदणीला देशभर एक चौकट देणारा हा कायदा. त्याच्या शेवटी दहा गटांची यादी आहे. त्यातल्या एका गटात ईईजी, ईएमजी आणि न्यूरो लॅबच्या तंत्रज्ञांची एक नोंद आहे. त्या नोंदीच्या शेपटाला एक नाव येतं: स्लीप लॅब टेक्नॉलॉजिस्ट. सगळी नावं 'किंवा', 'किंवा' करत एका दोऱ्यात ओवलेली.

ही ओळ मला माझ्या मामेभावानं दाखवली. आमचं गाव वरवंड, पुणे-सोलापूर महामार्गावर चौफुला आणि पाटसच्या मधे. त्यानं डीएमएलटी केलं, दोन वर्षं एका छोट्या लॅबमध्ये रक्त काढलं आणि मग पुण्यात एका स्लीप लॅबमध्ये रात्रपाळी धरली. तिथलं काम तो तिथल्याच एका सिनियरच्या हाताखाली शिकला. आता नवीन नोकरीसाठी गेला की पहिला प्रश्न येतो, "रजिस्ट्रेशन कशात आहे?" दिवाळीला घरी आला तेव्हा मला म्हणाला, "ताई, डिप्लोमा रक्ता-लघवीचा, काम मेंदूच्या लहरींचं आणि मशीन श्वासाचं. मी नक्की कोण?"

मी आरोग्यसेवेतल्या कामाच्या विभागणीवर पीएचडी करते, आणि मला उत्तर देता आलं नाही. का देता आलं नाही, ते तुम्हाला सांगते. त्यात विषय कसा निवडावा आणि कसा निवडू नये, दोन्ही आहे.

आधी काम समजून घ्या. झोपेच्या तपासणीला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. पेशंट संध्याकाळी येतो. तंत्रज्ञ टेप लावून त्याचं डोकं मोजतो, खुणा करतो, कातडी घासून इलेक्ट्रोड चिकटवतो. डोळ्यांशेजारी, हनुवटीवर, पायांवर आणखी वायरी. छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाशी हवेचा प्रवाह टिपणारी नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. मग रात्रभर पडद्यासमोर बसायचं. दोन वाजता पेशंट कुशीवर वळतो, एक वायर निघते, ती त्याची झोप न मोडता परत लावायची. काही वेळा त्याच रात्री सीपॅपचा मास्क चढवून हवेचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा. त्यानंतर स्कोअरिंग. सगळी रात्र ३० सेकंदांच्या तुकड्यांत कापलेली असते. आठ तासांचे ९६० तुकडे. प्रत्येक तुकडा जागेपणाचा, हलक्या झोपेचा, गाढ झोपेचा की स्वप्नांच्या झोपेचा, हे ठरवायचं. श्वास कुठे थांबला, कुठे मंदावला, याच्या खुणा करायच्या. यातून तासाला किती वेळा श्वास अडला याचा आकडा निघतो, तो एएचआय. साधारणपणे ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.

अहवालाखाली सही डॉक्टरची, आणि ती असायलाच हवी, कारण निदान त्यांचं. पण ज्या खुणांवर तो आकडा उभा आहे, त्या बहुधा तंत्रज्ञानं केलेल्या असतात.

आता वादाकडे येऊ. भारतात तंत्रज्ञांच्या पात्रतेचा सर्वांत गाजलेला वाद पॅथॉलॉजी लॅबचा. उत्तर गुजरातमधल्या खाजगी लॅब चालवणाऱ्या तंत्रज्ञांची संघटना एका बाजूला, पॅथॉलॉजिस्टांची दुसऱ्या बाजूला. गुजरात उच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल पॅथॉलॉजिस्टांच्या बाजूनं गेला आणि १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला: लॅबच्या अहवालावर प्रतिस्वाक्षरी पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. महाराष्ट्रातही हा वाद जुना आहे. तालुक्याच्या गावात 'लॅब' अशी पाटी पाहिली असेल, तर त्या पाटीमागचा माणूस बहुतेक डीएमएलटीच असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दोन्ही बाजूंचं म्हणणं नीट ऐका. पॅथॉलॉजिस्ट म्हणतात, अहवाल हे वैद्यकीय मत आहे, ते डॉक्टरनंच द्यावं. तंत्रज्ञ म्हणतात, आम्ही मत देतच नाही, मशीननं दिलेला आकडा तेवढा कागदावर उतरवतो. भांडण सहीचं आहे, पण दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे: आकडा वेगळा आणि मत वेगळं. माझी पहिली हरकत इथेच आहे. रक्तातल्या साखरेच्या बाबतीत हा भेद बऱ्यापैकी टिकतो. स्लीप लॅबमध्ये तो मोडतो, कारण तिथे आकडाच मतांचा बनलेला असतो. ९६० तुकडे, ९६० छोटे निर्णय.

पुरावा बघा. २०१३ मध्ये रोझेनबर्ग आणि व्हॅन हाउट यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. अडीच हजारांहून जास्त स्कोअर करणाऱ्यांना त्याच नोंदी दिल्या आणि त्यांची उत्तरं बहुमताशी किती जुळतात ते पाहिलं. एकूण जुळणी ८२.६ टक्के. स्वप्नांच्या झोपेत ९०.५ टक्के. पण एन-१ या सर्वांत हलक्या झोपेत फक्त ६३ टक्के. म्हणजे डोळा लागतानाचा तो क्षण जाणकारांच्याही हातातून निसटतो.

दुसरा पुरावा याहून बोचरा आहे. २००९ मध्ये रूलँड आणि सहकाऱ्यांनी ३२८ तपासण्या तीन वेगवेगळ्या व्याख्यांनी मोजल्या. श्वास 'मंदावला' कधी म्हणायचं, एवढाच फरक. १९९९ च्या निकषांनी एएचआयचा मध्यक आला २५.१. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २००७ च्या शिफारस केलेल्या व्याख्येनं ८.३, आणि त्याच नियमावलीतल्या पर्यायी व्याख्येनं १४.९. माणसं तीच, रात्री त्याच. सही कोणाची यानं इथे काहीच बदललं नाही, नियम बदलला आणि मध्यक 'मध्यम'मधून 'सौम्य'मध्ये उतरला.

आता इथे सावध व्हा, कारण संशोधनाच्या नवख्या माणसाचा पाय इथेच घसरतो. हे दोन अभ्यास वाचून 'म्हणजे प्रमाणपत्राला काही अर्थ नाही' असं लिहू नका. पहिल्या अभ्यासात प्रमाणपत्र असलेले आणि नसलेले यांची तुलना केलेलीच नाही. दुसऱ्यात तंत्रज्ञ हा विषयच नाही. प्रमाणपत्र निरुपयोगी आहे हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि प्रमाणपत्र पुरेसं आहे हेही नाही. एवढंच दिसतं की या कामात चूक नेमकी कुठे शिरते, हे सहीच्या वादात कोणी विचारत नाही.

अमेरिकेत हाच वाद दुसऱ्या अंगानं झाला. तिथे झोपेच्या तंत्रज्ञांची 'आरपीएसजीटी' ही जुनी पात्रता होती. मग श्वसनोपचार करणाऱ्यांच्या मंडळानं झोपेची आपली वेगळी परीक्षा काढली, पुढे अमेरिकन बोर्ड ऑफ स्लीप मेडिसिननं तिसरी. श्वसनवाले म्हणाले, ऑक्सिजन आणि सीपॅपला हात लावायचा तर आमच्या शाखेचा परवाना हवा. झोपवाले म्हणाले, मेंदूच्या लहरी वाचायला तुम्ही कुठे शिकलात? दोघांचंही अर्धं खरं होतं. एकाच पेशंटच्या डोक्यावरचं काम एका शाखेचं आणि नाकावरचं दुसऱ्या शाखेचं.

हे मनात ठेवून आपली पहिली ओळ परत वाचा. आपल्या कायद्यानं स्लीप लॅब टेक्नॉलॉजिस्टला ईईजी आणि न्यूरो लॅबच्या नोंदीत बसवलं. रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्ट त्याच गटात आहे, पण वेगळ्या नोंदीत. म्हणजे जो वाद अमेरिकेत उघडपणे झाला, त्यात आपल्याकडे एका 'किंवा'नं बाजू घेऊन टाकली: झोप ही मेंदूची. पण आपल्याकडे घोरण्याची तक्रार घेऊन माणूस छातीच्या किंवा नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जातो, आणि रात्री मास्क चढवून दाब वाढवणारा हात त्याच तंत्रज्ञाचा असतो. ते काम यादीतल्या कोणत्या ओळीत बसतं? ओळ नाव देते, कामाचं वर्णन देत नाही. कायद्याच्या या भागावर माझी मुख्य टीका हीच आहे.

कायद्याच्या बाजूनंही बोललं पाहिजे. त्यानं किमान शिक्षण तासांत सांगितलंय: संलग्न व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तास, आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तास. ज्या क्षेत्रात आठवड्याच्या कोर्सवर चकचकीत सर्टिफिकेट मिळतं, तिथे हे मोठं पाऊल आहे. अंमलबजावणी मात्र रखडली. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत द्यावी लागली. महाराष्ट्रात त्याआधीपासून राज्याचा स्वतःचा पॅरामेडिकल कौन्सिलचा कायदा आहे, नावात २०११ असलेला. तोही लागू व्हायला पुढची काही वर्षं गेली. तोवर मुलं शिकत होती, नोकऱ्या धरत होती, रात्री जागत होती. कागद मागून आला आणि त्यांना विचारू लागला, तुम्ही कोण?

आता माझी चूक. माझ्या पहिल्या आराखड्यात प्रश्न असा होता: 'मान्यताप्राप्त पात्रता असलेल्या आणि नसलेल्या तंत्रज्ञांच्या कामाच्या गुणवत्तेतील फरक.' दिसायला झकास. गाइडनी वाचून एकच विचारलं, "गुणवत्ता कशावरून ठरवणार?" मी म्हणाले, अहवालात किती चुका सापडल्या त्यावरून. "चुका कोण शोधतं?" सही करणारे डॉक्टर. "मग तू तंत्रज्ञाचं काम मोजतेयस, की डॉक्टरनं किती बारकाईनं पाहिलं ते?" मी गप्प बसले. शिवाय पात्रता असलेले तंत्रज्ञ मोठ्या हॉस्पिटलांत जास्त, तिथे मशीनही चांगली आणि रात्री एकाच्या ताब्यात पेशंटही कमी. फरक सापडला असता तरी तो कागदाचा की परिस्थितीचा, हे मला सांगता आलं नसतं. वादातल्या दोन बाजूंनी जे दोन गट पाडले होते, तेच मी उचलून माझ्या तक्त्याचे दोन रकाने केले होते.

तुम्ही हे करू नका. कोणत्याही व्यावसायिक वादावर काम करायचं असेल, तर पदनाम बाजूला ठेवून कामाची यादी करा. इलेक्ट्रोड लावणं, रात्री लक्ष ठेवणं, दाब वाढवणं, स्कोअर करणं. मग प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारा: हे शिकवलं कुठे जातं, चूक झाली तर कळतं कोणाला, आणि तिचा भुर्दंड कोण भरतं? शक्य असेल तिथे त्याच नोंदी वेगवेगळ्या लोकांना कोणाचंही नाव न सांगता स्कोअर करायला द्या. मगच पात्रतेचा रकाना उघडा. तेव्हा कदाचित दिसेल की दाब वाढवायला औपचारिक शिक्षण लागतंच, आणि स्कोअरिंग सुधारायला महिन्या-महिन्याला एकमेकांशी ताडून पाहणं लागतं. किंवा उलटं दिसेल. पण निदान उत्तर कामाबद्दलचं असेल.

हे नुसतं पद्धतीचं खूळ नाही. आमच्या गावावरून रात्रभर ट्रक धावतात. त्यातल्या एखाद्या ड्रायव्हरचा आकडा २५ आला की ८, यावर डॉक्टर त्याला मशीन घ्या म्हणतील की वजन कमी करून बघा, हे बरंचसं ठरतं. तो अहवालाखालची सही पाहतो. आकडा कुठल्या व्याख्येनं काढला आणि रात्री दोन वाजता निघालेली वायर किती वेळात परत लागली, हे त्याला कोणी सांगत नाही.

मामेभावाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. त्याऐवजी त्याला एक वही दिली आणि सांगितलं, महिनाभर रोज रात्री काय काय करतोस ते वेळेसकट लिही. पहिलं पान परवा फोटो काढून पाठवलंय. संध्याकाळी सात ते सकाळी सात, एकतीस नोंदी आहेत. त्यातल्या किती कामांचा त्याच्या डिप्लोमाच्या अभ्यासक्रमात उल्लेख आहे, ते आता मला शोधायचंय.