गीतचित्रांतील रिकामा तुकडा

एकाच गाण्यावर रचलेल्या छोट्या चित्रफितींस गीतचित्र म्हणावयास हरकत नाहीं. विद्यार्थ्यांच्या अशा गीतचित्रांत छायालेखनाची सफाई आतां सर्वत्र दिसूं लागली आहे. यंत्रें स्वस्त झालीं, हातहि धीट झाले. उणीव राहते ती मागाहून, संकलनाच्या वेळीं. एका महाविद्यालयांतील मुलामुलींनीं केलेलें चार मिनिटांचें गीतचित्र नुकतेंच आमच्या पाहण्यांत आलें. तें आकारास येत असतांना दोन संध्याकाळीं संकलकाच्या खुर्चीमागें बसण्याचीहि संधि मिळाली. कृति सामान्य असती तर मौन पाळलें असतें. ती तशी नाहीं, म्हणूनच तक्रार करावीशी वाटते.

गाणें मध्य लयीचें, मिनिटास ९० मात्रांचें. चित्र सेकंदास २४ चौकटींनीं धावत असल्यामुळें प्रत्येक मात्रेच्या वांट्यास बरोबर १६ चौकटी येतात. संगणकाच्या पडद्यावर ध्वनीची नागमोडी रेघ उमटलेली असते; तींतील ठेक्याचे उंचवटे मोजून तरुण संकलकानें जवळजवळ प्रत्येक मात्रेवर चित्र तोडलें होतें. हिशेब बिनचूक, परंतु मिनिटभरांतच डोळा थकला. तबला जें सांगतो आहे तेंच चित्रानें पुन्हां सांगावें, यांत पाहणाऱ्यास लाभ कोणता? बरा गवई मात्रेमात्रेवर स्वर आपटीत नाहीं. तो ठेक्याला चकवीत पुढें जातो आणि समेवर भेटतो. ह्या चित्रांत सम येते, पण तिची वाट पाहावयास कोणी लावीत नाहीं.

मुखड्यांत ओठ आणि शब्द यांत दोनतीन चौकटींचें अंतर राहिलें होतें, तें दुसऱ्या संध्याकाळीं निघालें. रंगांचें काम तर उत्तमच. खरा प्रश्न अंतऱ्यापूर्वींच्या एका तुकड्याचा होता. गाणारी मुलगी तेथें कांहींच करीत नाहीं. ओळ संपते, ती खालीं पाहते, श्वास घेते आणि पुन्हां वर पाहते. सारे मिळून ६ सेकंद. संकलकानें हा तुकडा ‘रिकामा’ म्हणून वगळला आणि त्याच्या जागीं जिना, खिडकी, पैंजण अशीं मात्रेगणिक एक याप्रमाणें ९ चित्रें बसविलीं!

१९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटांत विष्णुपंत पागनीस स्वतःच गातात, आणि दोन ओळींमधला त्यांचा चेहरा ओळींइतकाच बोलतो. गाणें आणि अभिनय एकाच देहांतून निघाल्यावर श्वासहि आपोआप खरा येतो. आधींच मुद्रित झालेल्या गाण्यावर ओठ हालविणाऱ्यास तो बहुधा उसना आणावा लागतो. ह्या मुलीनें तो खरोखरच घेतला होता, आणि नेमका तोच कापला गेला.

आमच्या आग्रहानें नव्हे, तर तिच्याच एका मैत्रिणीच्या हट्टानें, तो तुकडा एकदां जागेवर लावून पाहिला. लगेच त्याच्या आधींचे दोन छेद अनावश्यक ठरले, आणि अंतरा प्रथमच अंतऱ्यासारखा उचलला गेला. खोलींतील सगळे गप्प झाले. तथापि प्रदर्शित प्रतींत तो तुकडा २ सेकंदांचाच उरला आहे. पाहणाऱ्यास यंत्र अडकलें असें वाटेल, हें त्याचें कारण सांगण्यांत आलें. उरलेले ४ सेकंद मुलांनीं पुसून टाकलेले नाहींत, एवढें मात्र आम्हीं विचारून घेतलें आहे.